विवाहविनायकाच्या गावाहून

टिटवाळा, 13 ऑगस्ट 2025
बुधवार, अंगारकीचा दुसरा दिवस

प्रिय,

तळपाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडून लिहायला बसलेय, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर बोल बादलीला लाव. काल अंगारकी होती. टिटवाळ्याची अंगारकी तुला मी काय सांगू, पण तू पाहिली होतीस तिला दहाने गुणून घे. आदल्या रात्रीपासून रांग, वर श्रावणाची सर, खाली चिखल, आणि स्टेशनाबाहेर रिक्षावाले अशा रुबाबात, की गणपतीने पहिलं दर्शन त्यांनाच दिलंय. टांगे केव्हाच गेले. (तो टांगेवाला आठवतो? 'दोघी एका बाजूला बसू नका गं, टांगा कलतो' म्हणणारा? आपण तरी बसलोच होतो.)

मी आणि अंगारकीची रांग, हे वाचून तुझी भुवई वर गेली असणार. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नेलं. का नेलं ते मागाहून सांगते, कारण ते सांगायला लागले की बाकीचं राहून जाईल, आणि मला आधी तुझ्याशी भांडायचंय.

तुझा तो अठरा मिनिटांचा बोलका निरोप मिळाला. तू बोलायचं आणि मी लिहायचं, ही वाटणी कॉलेजातल्या जर्नलपासून चालत आलीय, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. कॅनडाच्या समलिंगी विवाहाच्या कायद्याला 20 जुलैला वीस वर्षं झाली म्हणून तुम्ही अंगणात शेगडी मांडलीत, शेजारपाजारचे आले, तुझ्या पंजाबी सासूने भाषण केलं, सगळ्यांचे डोळे ओले झाले. छान वाटलं ऐकून. पण शेवटच्या दोन मिनिटांत तू जे म्हणालीस ना, की 'तुम्ही दोघी तिथे नुसत्या खपवून घेतल्या जाताय, मी इथे सामावले गेलेय', ते मी भाकऱ्या थापता थापता चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा लावलं तेव्हा आमची ही म्हणाली, 'तिचं ऐकून झालं असेल तर तव्याकडे बघ. करपली.'

(हो, अजून 'ही'च म्हणते. आपल्या आया 'आमचे हे' म्हणायच्या, मी 'आमची ही' म्हणते. मात्रेची वेलांटी झाली, एवढंच.)

तुला सांगते, तुझं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच झोंबलं. 2009 मध्ये इथे भाड्याने जागा घेताना घरमालकाने विचारलं, तुम्ही एकमेकींच्या कोण? मी घसा साफ करत होते तेवढ्यात ही म्हणाली, मावसबहिणी. झालं. आता मावसबहिणी म्हटल्यावर दोघींची आजी एकच हवी. मग ती आजी आम्ही साताऱ्याकडे ठेवली. तिला संधिवात दिला, तपकिरीची सवय दिली. लोक जीव लावून चौकशी करायचे, एकदा इकडे आणा म्हणायचे, दिवाळीला तिच्यासाठी फराळाचा डबा द्यायचे (चकल्या मी खाल्ल्या). शेवटी 2016 मध्ये तिला जड मनाने घालवावी लागली. काकूंनी पंचांग काढून आम्हाला सुतक किती ते सांगितलं आणि तेवढे दिवस आमच्या दारात जेवणाचा डबा ठेवला. मी खरोखर रडले गं. ती आजी बिचारी आमच्यासाठी सात वर्षं जगली होती.

तर खपवून घेणं म्हणतेस ते हे. याला आपल्याकडे कुणी सहिष्णुता वगैरे म्हणत नाही. 'आपल्याला काय करायचंय' असं म्हणतात, आणि त्यात बरीच ऊबही असते. हिचं ब्लाउज शिवायचं दुकान आता चांगलं चालतं. अर्ध्या टिटवाळ्याच्या छातीची मापं जिच्या वहीत आहेत, तिला तोंडावर कोण काय बोलणार? पाठीमागे बोलत असतील. बोलोत. अट एकच, आम्ही नाव घ्यायचं नाही. आम्ही नाव घेतलं की त्यांना ऐकू आलं असं होतं, आणि ऐकू आलं की काहीतरी करावं लागतं. म्हणून सगळे मिळून आम्हाला बोलू देत नाहीत, प्रेमाने.

पण तुझं ते सामावणं! तुझ्याच निरोपात बाराव्या मिनिटाला तू सांगतेस, की सासूने तुला पहिल्या वर्षी पराठे लाटायला शिकवले, दुसऱ्या वर्षी करवा चौथ धरायला लावला (दोघींनी एकमेकींसाठी उपास करायचा, म्हणजे घरात एकही जण पोटभर जेवलेला नाही), आणि आता बिरादरीत ती म्हणते, आमच्या मुली बाकीच्यांसारख्या नाहीत, अगदी घरंदाज आहेत. अगं, हे 'बाकीचे' कोण? तू हसत सांगितलंस, मीही हसले, पण लाटणं हातात राहिलं माझ्या.

कसारा लाइनची बाई आहेस तू, तुला चौथी सीट समजावून सांगायची गरज नाही. तिघींच्या बाकावर चौथीला 'ये गं, बस' म्हणतात. अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत, पर्स मांडीवर, आणि कल्याणपर्यंत तिघींचे उपकार. आणि खिडकीवालीला वाटतं, आपण किती मोठ्या मनाच्या! त्यापेक्षा दारात उभी राहिलेली बरी असं मला पुष्कळदा वाटलंय. तिला निदान वारा लागतो. तू म्हणशील, दारातली पडते. हो, पडते. कळवा-मुंब्र्याच्या मधे पडलेल्यांच्या बातम्या येतातच.

मागचं काय काय आठवत राहिलं मग. 1998 चा डिसेंबर. आपण दोघींनी घरी सांगितलं होतं, टिटवाळ्याला गणपतीला जातो, आणि ठरवलं होतं दीपा मेहतांचा 'फायर' बघायचा. तुझ्या आईने तर दूर्वांची जुडी बांधून दिली होती! आदल्या दिवशी गोरेगावात सिनेमागृहाच्या काचा फुटल्या, शिवसेनेच्या बायका आत शिरल्या, खेळ बंद पडले. दूर्वा खऱ्याच गणपतीला वाहाव्या लागल्या. देवळामागच्या तळ्याकाठी बसून तू म्हणालीस, चित्रपट बघितलाही नाही आणि पकडले गेल्यासारखं वाटतंय.

तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, ते पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं. त्याच आठवड्यात दिल्लीत रीगल सिनेमासमोर निषेधाला माणसं जमली, आणि काही मुलींनी हातात फलक धरला, की आम्ही भारतीय आहोत आणि लेस्बियनही. गंमत अशी, की त्याच गर्दीतल्या काही पुरोगामी मंडळींना तो फलक खटकला. त्यांचं म्हणणं, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे, तुमचा विषय मधे कशाला? म्हणजे आमच्या बाजूने बोलायला आलेल्यांनाही आम्ही तिथे नको होतो! माझं या भांडणात मत बनलं असेल तर त्या फलकापाशी बनलं.

आणि लायब्ररीतून आणलेलं तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट'? 1981 चं नाटक. बाईंनी नोंद करताना पुस्तकाकडे एकदा आणि आपल्याकडे दोनदा पाहिलं होतं. तू रात्रभरात वाचून सकाळी लाल डोळ्यांनी आलीस, म्हणालीस, मित्रा शेवटी मरते. तेव्हापासून आपण दोघी एक शेवट शोधत होतो, ज्यात कुणी मरत नाही. तुला तो टोरांटोत सापडला, याचा मला किती आनंद आहे हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच एवढी भांडतेय.

मराठीत हा विषय काही काल आला नाही, बरं का. र. धों. कर्व्यांवर 1934 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं हाच गुन्हा, आणि त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. त्यांचा मुद्दा साधा होता. लोक विचारतात, तर ज्ञानाने उत्तर द्यायचं, त्यात अश्लील काय? खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते, की 'हे लोक आपल्यासारखेच सभ्य आहेत हो' अशी गयावया त्यात नाही. प्रश्न विचारायचा हक्क आहे, एवढंच.

सभ्यपणावरून आठवलं. पुण्यात 2011 पासून प्राइड मोर्चा निघतो. त्यामागे बिंदुमाधव खिरे. त्यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत इतकं लिहिलं, की आपल्या वेळी ती पुस्तकं असती तर तेंडुलकरांवर एवढा भार पडला नसता. पण पुढे त्या मोर्चात कपडे साधे, अंगभर घाला, असं आयोजकांनी सांगितलं तेव्हा केवढं भांडण झालं! एक बाजू म्हणे, गॅलरीतून बघणाऱ्या काकू-काकांना वाटलं पाहिजे की ही आपलीच मुलं. दुसरी बाजू म्हणे, ज्याच्या अंगावर साडी हीच त्याची खरी ओळख, त्याने पँट-शर्ट घालून कुणाच्या हक्कासाठी चालायचं? मी काय म्हणाले माहितेय? मी तेव्हा पहिल्या बाजूला होते. मी पुण्याला गेले असते तर इस्त्रीची कॉटनची साडी नेसून गेले असते आणि पिसं लावलेल्या पोरांपासून चार हात लांब चालले असते. तुला सांगायला लाज वाटत नाही, पण वाटायला हवी.

हे भांडण आपल्या पुण्याचंच खास, असं समजू नकोस. फिलाडेल्फियात 1965 पासून दर 4 जुलैला तिथले समलिंगी लोक फलक घेऊन शिस्तीत चालायचे. पुरुषांनी कोट-टाय, बायकांनी झगा, अशी फ्रँक कॅमेनीची सक्त ताकीद. सरकारी नोकरी हवी असेल तर नोकरीलायक दिसा, हा त्याचा हिशोब, आणि त्याची स्वतःची नोकरी गेली होती म्हणून तो हिशोब हलका नव्हता. 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या दंगलीनंतर आठवडाभरातच पुन्हा तो मोर्चा निघाला. दोन बायका हात धरून चालायला लागल्या, तर कॅमेनीने स्वतः पुढे होऊन ते हात सोडवले. पुढच्या वर्षीपासून तो मोर्चा बंदच झाला आणि लोक न्यूयॉर्कला हवे तसे कपडे घालून चालले. मला त्या दोन बायका डोळ्यांसमोर दिसतात. घरी हात धरले की घरचे सोडवणार, आणि इथे आपलेच.

आपल्याकडचं सामावणं तर आणखी बारीक विणीचं. 2015 मध्ये हरीश अय्यरच्या आईने मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली होती, आठवते? बऱ्याच वर्तमानपत्रांनी नाकारली, 'मिड-डे'ने छापली. आपण दोघींनी फोनवर टाळ्या वाजवल्या, आणि मग तू शेवटची ओळ वाचलीस. अय्यर असल्यास प्राधान्य! त्या माउलीने ते थोडं गमतीत, थोडं सवयीने लिहिलं असं नंतर आलं, पण मला अजूनही ती जाहिरात या सगळ्या चळवळीचं चित्र वाटते. एवढा मोठा डोंगर ओलांडला, आणि पलीकडे उतरून पहिला प्रश्न, कोणते अय्यर?

आणि दुसरीकडे यवतमाळ! 2017 च्या डिसेंबराच्या शेवटी एका मराठी माणसाने आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी यवतमाळात लग्न लावलं. आपल्या गावी, आपल्या माणसांत. तेव्हा आपल्याला गुन्हेगार ठरवणारं कलम 377 अजून जिवंत होतं, ते पुढच्या वर्षी 6 सप्टेंबरला गेलं. त्याने तेही जुमानलं नाही. फोटो बघून आमची ही म्हणाली, 'शेरवानी खांद्यात बसलेली नाही.' मी म्हटलं, अगं, इतिहास घडतोय. म्हणाली, 'घडू दे, पण खांद्यात चुन्या पडतात.'

मग 17 ऑक्टोबर 2023, सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाचा निकाल. दोघींनी रजा टाकली होती, म्हणजे मी ऑफिसातून आणि हिने दुकानावर 'आज बंद'ची पाटी लावून. पाच न्यायमूर्ती, चार निकालपत्रं. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचं एकमत. नात्याला काही कायदेशीर रूप द्यावं की नाही, यावर तीन विरुद्ध दोन, आणि आपले चंद्रचूड दोनांत. काकू मधेच साखर मागायला आल्या, टीव्ही बघून म्हणाल्या, कुणाची केस गं? ही म्हणाली, 'आहे एक जागेची.' खोटं नव्हतं तसं. यंदा जानेवारीत फेरविचाराचे अर्जही फेटाळले.

तुला वाटेल, लग्न नको म्हणणारी ही बया मग निकालाच्या दिवशी रडली कशाला? रडले खरी. ज्या संस्थेच्या खिडकीतून आपल्या आया जन्मभर बाहेर बघत राहिल्या, तिच्यात आत घ्या म्हणून आपण दार बडवतोय, याचं मला हसूही येतं. पण मी गेले तर माझं कुटुंबनिवृत्तिवेतन हिला मिळणार नाही, आणि ज्या चुलतभावाने मला तेरा वर्षांत फोन केला नाही तो या घराचा वारस म्हणून चपला काढून आत येईल. मृत्युपत्र केलंय, काळजी करू नकोस. तरी हिच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी संमतीच्या कागदावर मी 'बहीण' म्हणून सही केली, आणि तिथली नर्स म्हणाली, 'चेहऱ्यावरूनच कळतं हो, अगदी एक साचा!' त्या अवस्थेतही ही स्ट्रेचरवरून हसली.

2024 मध्ये केंद्र सरकारने म्हणे काही गोष्टी राज्यांना आणि बँकांना कळवल्या. अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरा, बँकेत संयुक्त खातं उघडू द्या, नॉमिनी लावू द्या. मी ते छापून घेऊन एका कचेरीत गेले. बाई चांगल्या होत्या. चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाल्या, 'ते ठीक आहे, पण नात्याच्या रकान्यात काय लिहू? पती, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, इतर.' मी म्हटलं, चूल एक आहे एवढं लिहा. त्या म्हणाल्या, 'तसा रकाना नाही.' मग आम्ही दोघींनी मिळून विचार केला, आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'इतर'. कार्ड अजून यायचंय. पण तुला सांगते, तो शब्द मला आवडला! पत्नी म्हटलं असतं तर मी लगेच मंगळसूत्राच्या दुकानात उभी राहिले असते. बहीण म्हटलं असतं तर पुन्हा एक आजी आली असती. 'इतर' लिहा, पण तांदूळ पूर्ण द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्या गाडीतली गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच सांगायची होती. मागच्या महिन्यात आम्ही दोघी दादरहून कापड घेऊन येत होतो. ठाणे गेलं, आणि टाळी वाजली. तुला आठवतं, टाळी ऐकली की आपण दोघी कशा पेंगायला लागायचो? मी तेच केलं. डोळे मिटले, पर्स आत ओढली. ती पुढे आली, बाकावरच्या सगळ्यांना ठरलेले आशीर्वाद देत. नवरा राहो, पोरगा होवो. आमच्यासमोर थांबली. मी डोळे मिटलेलेच. तिने हिच्याकडे पाहिलं असणार, माझ्याकडे पाहिलं असणार. मग हळूच, टाळी न वाजवता म्हणाली, 'जोडी राहू दे गं तुमची.'

अगं, सोळा वर्षांत सोसायटीला कळलं नाही ते तिला कळव्याच्या अलीकडे कळलं! हिने शंभराची नोट काढून दिली. एरवी पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करणारी बाई! आणि मी अजून झोपेचं सोंग करत बसले होते.

त्या दिवसापासून मला ते पुण्याचं भांडण उलटं दिसायला लागलंय. आपण इस्त्रीची साडी नेसून सामावायला निघतो, तेव्हा आपली पर्स जिच्यापासून आत ओढतो ती हीच असते. तुझ्या सासूच्या 'बाकीच्यां'त तीच असते. आपल्या ठाण्याची लक्ष्मी त्रिपाठी, 'मी हिजडा, मी लक्ष्मी' लिहिणारी. तिने आत्मकथेचं नाव ठेवतानाच तो शब्द पुढे धरला, ज्याच्यावरून आपण डोळे मिटतो. तीच पुढे किन्नर आखाडा काढून 2019 च्या कुंभमेळ्यात जुना आखाड्याबरोबर गेली, आणि तिच्याच लोकांतले काही म्हणाले, ही धर्माच्या मांडवात सामावली, आमचं काय? म्हणजे तिथेही चौथी सीट आहेच. उलट, सोलापूरकडच्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केलं. साडी नेसणारे, गाव ज्यांना माउली म्हणतं ते. मला नाही वाटत तिथे कुणी त्यांना म्हणालं असेल, की आधी आमच्यासारखे व्हा, मग मत देतो. पाण्याचा प्रश्न कोण सोडवेल, एवढंच बघितलं असेल. सगळं गाव एका रात्रीत शहाणं झालं असं मी म्हणत नाही. पण मला तुझं अंगण आणि माझी सोसायटी यांच्यात निवड करायला लावशील, तर मी तिसरंच नाव घेईन, माळशिरस तालुक्यातलं.

बरं, आता काकू.

तुझ्या आईने तुझ्या लग्नासाठी इथे अकरा मंगळवार केले होते, विसरली नसशील. विवाहविनायकच तो. दुष्यंत शकुंतलेला विसरला तेव्हा कण्व ऋषींनी तिला या गणपतीची पूजा करायला सांगितली, अशी कथा. (विसरभोळा नवरा आणि व्रत बायकोला, ही पद्धत तेव्हापासूनची.) तुझ्या आईचं तर ऐकलं गं त्याने. पत्ता तेवढा कॅनडाचा दिला आणि नवऱ्याच्या रकान्यात पंजाबीण. माझ्यासाठी काकूंनी नवस बोलला होता, मला न विचारता, आम्ही इथे आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी. पोरीचं लग्न होऊ दे, नारळांचं तोरण वाहीन. आता काकू ऐंशीच्या पुढे. परवा वर आल्या, म्हणाल्या, उद्या दोघी चला, माझं एक देणं राहिलंय.

चार तास रांगेत. काकूंना स्टूल, आम्ही उभ्या, हिच्या हातात नारळांची पिशवी. सभामंडपात पोचताना त्यांनी सांगितलं, नवस फेडायचाय, तुझ्या लग्नाचा. मी हबकले. म्हटलं, काकू, माझं लग्न झालंय कुठे? काकू पिशवीतून दूर्वा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'झालं म्हणून धरलं मी. वय झालं, देवाची उधारी ठेवून जायची नाही. आणि त्याला काय कागद दाखवायचाय?' मग हिला म्हणाल्या, 'तू इकडे ये, तिच्या डाव्या अंगाला. नको, उजव्या.' पुन्हा म्हणाल्या, डाव्या. त्यांनाच ठरेना. मागून पोलीस ओरडतोय, पुढे चला, पुढे चला, आणि काकू आमची जागा ठरवतायत. शेवटी वैतागून म्हणाल्या, 'राहा कशाही!' आणि हात जोडले.

मी हिच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिथेच तमाशा झाला असता.

परत येताना रिक्षात काकू मधे, आम्ही दोन बाजूंना. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. काळू नदीला पाणी किती चढलंय, फुलवाल्याने कसं फसवलं, सगळं बोलल्या. बिल्डिंगच्या दारात उतरल्यावर माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, 'सोसायटीत बोलायचं नाही हं. लोकांना काय, निमित्त हवं असतं.' वर जाताना पुन्हा वळल्या. 'आणि ती तुमची साताऱ्याची आजी. चांगली होती हो बिचारी.' आणि अशा हसल्या, तुला सांगते, नऊ वर्षांपूर्वीचा डबा आठवून मला घाम फुटला.

आता हे खपवून घेणं की सामावून घेणं, ते तू मला पुढच्या अठरा मिनिटांत सांग. मला काल रात्रभर ठरवता आलेलं नाही.

पाणी गार झालं. प्रसादाच्या नारळाची वडी केलीय, पण तुमच्या कस्टमवाल्यांवर माझा विश्वास नाही, तेव्हा आम्हीच खातो. ही मशीनवरून विचारतेय, कुणाला एवढं रामायण? तुझं नाव सांगितलं तर म्हणते, तिला म्हणावं नवीन माप पाठव. मागच्या वेळचं अंदाजाने शिवलं ते काखेत काचलं, आणि काचलं तरी तिने बोलून दाखवलं नाही, ही तिची जुनी खोड. पंजाबिणीचंही पाठव. तिला बाही कोपरापर्यंत हवी की वर, तेवढं विचार.

तुझी,
मी